अकबरअलीज आणि आत्याचे कप

मुंबईला गेलो होतो दादरच्या एका लग्नाला. लग्न झालं, श्रीखंड आंबट होतं, विषय संपला. खरी मुंबई बघितली ती नंतर, आत्याबरोबर फोर्टात. तिची अख्खी नोकरी तिथल्या विमा कंपनीत गेली. तिला अकबरअलीजचा कोपरा पुन्हा बघायचा होता आणि भर मे महिन्यात, दुपारी बाराला!

खोराकीवाला या बोहरी कुटुंबाचं हे दुकान १८९७ सालचं. वीर नरिमन रोडवर, फ्लोरा फाउंटनपासून हाकेच्या अंतरावर. औषधं, कपडे, भांडी, खेळणी सगळं एका छपराखाली, मॉल हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी. याच घराण्यातून पुढे वोक्हार्ट ही औषध कंपनी निघाली आणि फखरुद्दीन खोराकीवाला मुंबईचे शेरीफ झाले. आत्याला या थोरवीशी देणंघेणं नाही.

"पगाराच्या दिवशी घ्यायचं, बाकीचे दिवस लंच टाइममध्ये नुसतं बघायचं," ती म्हणाली. "कोणी हटकत नसे." कपबशांच्या काउंटरवरचा माणूस कागदात गुंडाळण्याआधी प्रत्येक कप कानाशी नेऊन टिचकी मारायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर मुकाट्याने बाजूला. गिऱ्हाइकाने सांगायची वेळच यायची नाही.

फोर्टात अशा मोठ्या दुकानांची भुतं बरीच आहेत. काळ्या घोड्यापाशी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आताच्या दादाभाई नौरोजी रोडवर, व्हाइटअवे लेडलॉचं गोऱ्यांचं दुकान होतं. त्याच जागेत पुढे खादी भांडार आलं. साहेबाच्या दुकानात खादी! असा सूड मला फार आवडतो. फुटपाथवर मात्र चालायला जागा नाही, आणि पाणी प्यायलात तर पुढची सोय स्वतःच्या हिमतीवर बघा.

उन्हाने जीव नकोसा झाला म्हणून एका एसी दुकानात शिरलो. आत्याला तिथे कप आवडले. खोकं सीलबंद.

"आंटी, खोलना अलाउड नहीं है."

"मग वाजवून कसा बघू?"

पोराने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारीला उन्हाचा त्रास झालाय का. मला संताप आला. चूक त्याची नव्हती. त्याला कप विकायला नाही, खोकी रचायला ठेवलं होतं. तरीही आत्याने कप घेतलेच. बिलाच्या खिडकीवर तिला मोबाइल नंबर मागितला.

"कपांना फोन करणार आहात?" असं विचारून तिने आपल्या जुन्या लँडलाइनचा नंबर खडाखडा सांगितला. आठच आकडे. मशीन काही पुढे सरकेना, मागे रांग वाढत गेली, आणि आत्या शांतपणे पर्समधली सुटी नाणी मोजत बसली.