टायटनवरची होडी किती बुडते?

कादंबरी लिहून झाली, प्रकाशकाकडे गेली, मग मुखपृष्ठासाठी चित्रकाराच्या हातात सारांश पडला, असा आपल्याकडचा शिरस्ता. मी या वेळी उलट केलं. सुरुवातीची काही प्रकरणंच हातात होती, प्रकाशकही ठरायचा होता, तेव्हाच स्वतःच्या पैशांनी चित्रं काढून घ्यायला लागले. छापण्यासाठी नव्हे, लिहिण्यासाठी. विज्ञानकथा लिहिणारी मित्रमंडळी हे कसं जमवलं म्हणून विचारतात, तेव्हा एकदा सविस्तर सांगते.

माझी कादंबरी शनीच्या टायटन या चंद्रावर घडते. तिथे क्रॅकन मारे नावाचा द्रव मिथेनचा समुद्र आहे आणि त्याच्या काठी माझी वस्ती आहे. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, गुरुत्व सातव्या हिश्शाइतकं. हे आकडे मला पाठ होते. पण आकडे पाठ असणं आणि त्या काठावर उभं राहता येणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर मी एका चित्रकाराच्या मदतीने कापलं.

चित्रकार कोल्हापूरचा, माझ्यापेक्षा बराच तरुण. त्याला मी उपमा-अलंकारांनी नटलेली वर्णनं मुद्दाम दिली नाहीत. आकड्यांचं एक पान दिलं आणि १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरलेल्या ह्युजेन्स यानाने पाठवलेला जमिनीचा फोटो दिला. नारिंगी उजेड, त्यात झिजून गोल झालेले बर्फाचे गोटे. तिथे पाण्याचा बर्फ म्हणजे खडकच. बाकी त्याने विचारायचं आणि मी उत्तरं शोधायची, असं ठरलं.

पहिला प्रश्न होडीचा आला. "ताई, होडीचा काठ वर किती ठेवू? बुडतीय किती ते सांगा की."

माझ्या मजकुरात होडी नुसती 'निघाली' होती. आता हिशेब मांडावा लागला. गुरुत्व घटलं की होडीचं वजन घटतं आणि तिने बाजूला सारलेल्या द्रवाचं वजनही त्याच प्रमाणात घटतं, म्हणून त्याने काही बदलत नाही. बदलतं ते घनतेमुळे. तिथल्या समुद्राची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, त्यामुळे इथे वीतभर बुडणारी होडी तिथे दोन वीत बुडेल. हे कळल्यावर त्याने पंचगंगेच्या पुरात माणसं न्यायला वापरतात त्या गुळाच्या काहिलीवरून रुंद, गोल, उंच काठाची होडी रेखाटली. पुढचं मला त्या रफ स्केचमधून दिसलं. एवढ्या हलक्या द्रवात माणूस तरंगत नाही, सरळ तळाला जातो. म्हणजे पोहणं ही कलाच त्या लोकांना ठाऊक नसणार, आणि काहिलीत पाय ठेवण्याआधी कमरेला दोर बांधणं हा त्यांचा पहिला संस्कार असणार. कादंबरीतलं एक अख्खं घराणं या दोरावर उभं राहिलं.

त्यानंतर प्रश्न आला उजेडाचा, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात तोच सर्वांत मोलाचा होता. चित्रकार रेघ मारण्याआधी उजेड कुठून येतो ते ठरवतो. टायटनवर तो कुठूनच येत नाही. दाट धुरकट थरांतून गाळून आलेला प्रकाश सगळ्या आकाशभर सारखा पसरतो, आणि तोही पृथ्वीवरच्या दुपारच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतका. म्हणजे उघड्यावर उभ्या माणसाला ठळक सावलीच पडणार नाही. त्याने तसं चित्र केलं तेव्हा माणसं जमिनीला चिकटलेलीच वाटेनात, कागदावर तरंगल्यासारखी दिसायला लागली. ते टाळायला त्याने वस्तीच्या दारावर दिवा टांगला, आणि दिव्याजवळच्या माणसांना तेवढ्या सावल्या दिल्या.

ते कलर स्केच मी कितीतरी वेळ पाहत बसले. त्या जगात सावली पडते ती फक्त माणसांनी लावलेल्या दिव्यापाशी. तिथे जन्मलेल्या मुलाला सावली दिसली की घर जवळ आलं हे कळणार. अंधार, भुतं, पाठलाग हे आपले सावलीचे सगळे अर्थ तिथे गळून पडतात. माझ्या एका पात्राची तोंडची म्हण, तिची अंगाई आणि शेवटचं प्रकरण त्या दिव्यातून निघालं. एकटीने टेबलाशी बसून मला हे सुचलं नसतं, कारण वाक्याला सावलीचा उल्लेख टाळून पुढे जाता येतं. चित्राला नाही जमत. तिथे सावली एक तर असते किंवा नसते.

पावसाचंही तसंच. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्या त्याच्या हाताला तिरक्या रेघांचीच सवय. टायटनवर मिथेनचे थेंब सेंटीमीटरभर जाड होऊ शकतात आणि चालत्या माणसाच्या वेगाने खाली येतात, हे सांगितल्यावर त्याने रेघा सोडल्या आणि सुटे, गोल, टपोरे थेंब हवेत अडकवले. असा पाऊस चुकवता येतो! मुलांचा एक खेळ मला आयताच मिळाला.

घराचा उभा छेद लवकर झाला. गरम घर बर्फावर टेकलं तर पायाच वितळेल, म्हणून खांब. पायरी उंच, छत उंच, कारण साध्या चालीतही माणूस उसळतो.

हे तंत्र काही नवं नाही. 'स्टार वॉर्स'साठी जॉर्ज लुकासने राल्फ मॅक्वॉरीकडून १९७५ च्या सुमारास चित्रं करून घेतली, तेव्हा चित्रपटाला पैसे मिळणंही पक्कं नव्हतं. डार्थ व्हेडर या खलनायकाला एका यानातून दुसऱ्यात निर्वात पोकळीतून जायचं आहे, मग तो श्वास कसा घेईल, असा विचार करून मॅक्वॉरीने त्याला मुखवटा दिला. त्या पात्राचा श्वासाचा आवाज आज जगभर ओळखतात.

यंत्राकडून फुकटात चित्रं का नाही काढलीस, असंही विचारतात. मला चित्रं हवी होतीच, पण त्याहून जास्त हवा होता काठ कुठे ठेवू म्हणून अडून बसणारा माणूस. यंत्र अडत नाही. ते मागितलेली होडी देऊन मोकळं होतं.

मुखपृष्ठाच्या वेळी प्रकाशकांना आकाशात कड्यांसकट शनी हवा होता. शनी तिथून आपल्या चंद्राच्या अकरापट रुंद दिसेल, पण धुरक्यामुळे साध्या डोळ्यांना दिसणारच नाही. शिवाय टायटन कड्यांच्याच पातळीत फिरतो, त्यामुळे कडी म्हणजे एक बारीक रेघ. चित्रकाराने मध्यममार्ग काढला: धुरक्यातून पार होणारे अवरक्त किरण पाहू शकणारा चष्मा घातलेली नावाडीण, आणि काचेत क्षितिजालगतचा फिकट गोळा, मधून गेलेली रेघ. प्रकाशकांनी ते आनंदाने घेतलं.

व्यवहाराचं मात्र आधी बोलून घ्या. मी निम्मं मानधन आगाऊ दिलं आणि रफ स्केचचे पैसे वेगळे धरले, कारण माझं खरं काम त्यांतच होतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. मला ते रुचत नव्हतं. ज्याच्या डोक्यातून ते जग निघालं त्याच्याकडेच हक्क राहावा, म्हणून आम्ही लेखी करार केला: मूळ चित्रं आणि हक्क त्याचे, मुखपृष्ठ व आतल्या पानांसाठी वापर माझा. मुदत आणि प्रदेशही स्पष्ट लिहा, नाहीतर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक टाईपात नको, माझ्या नावाखालीच हवं, ही अट मी प्रकाशकांना घातली आणि त्यांनी मानली.

आता त्याला होडीची सगळी स्केचेस कोल्हापुरात, शाहू स्मारक भवनाच्या दालनात मांडायची आहेत. हक्क त्याचेच असल्याने माझी परवानगी लागत नाही. मी फक्त प्रत्येक चित्राखाली लावायला आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहून देते आहे.