टेबल नको, काउंटरवरची खुर्ची द्या

मला बार आवडतात. पब, क्लब, लाइव्ह म्युझिकवाल्या जागा, सगळंच आवडतं, आणि कुठल्याही नवीन शहरात गेले की दिवसभर काय बघायचं याच्या आधी संध्याकाळी कुठे बसायचं हे माझं ठरलेलं असतं. मैत्रिणी कायम विचारतात की तू दोन ड्रिंक्सवर अख्खी संध्याकाळ कशी काय काढतेस, तेही एकटी असताना, बोअर नाही होत का. अजिबात नाही होत! का नाही होत ते आज सविस्तर लिहिते, कारण मला खरंच वाटतं की बरेच लोक चांगल्या बारमध्ये जातात आणि चुकीच्या जागी बसून परत येतात.

चुकीची जागा म्हणजे टेबल. ग्रुप मोठा असेल तर ठीक आहे, पर्याय नसतो, पण दोघं-तिघं असाल किंवा एकटे असाल तर सरळ काउंटरवरची उंच खुर्ची पकडा. टेबलावर काय होतं, मेन्यू येतो, ड्रिंक येतं, बिल येतं, झालं. काउंटरवर सगळं काम तुमच्या डोळ्यांसमोर चालू असतं, शेजारी अनोळखी माणूस असतो ज्याच्याशी बोललं तरी चालतं आणि नाही बोललं तरी चालतं, आणि बारटेंडर हातभर अंतरावर असतो. टोकियोत शिंजुकूमध्ये गोल्डन गाई नावाचा भाग आहे, सहा अरुंद गल्ल्या आणि त्यात २०० च्या वर बार, बऱ्याच ठिकाणी जेमतेम सात-आठ माणसं बसतील एवढीच जागा. म्हणजे तिथे बार म्हणजे काउंटरच, बाकी काही नाहीच, आणि लोक जगभरातून तिथे जातात!

दुसरी गोष्ट, लवकर जा. उघडल्यावर पहिल्या तासात. मला ती वेळ सगळ्यात जास्त आवडते कारण तेव्हा जागा अजून तयार होत असते. लिंबं पिळून बाटल्यांमध्ये भरणं चालू असतं, बर्फाचे बॉक्स रिकामे होत असतात, कोणीतरी एकेक ग्लास उजेडात धरून बघत असतं, म्युझिक हळू असतं. स्टाफला बोलायला वेळ असतो, तुम्हाला हवं ते नीट विचारता येतं, आणि मुख्य म्हणजे दोन तासांनी जेव्हा तुफान गर्दी होते तेव्हा त्यांना तुम्ही माहीत झालेले असता. गर्दीत घुसून हात हलवत बसावं लागत नाही.

आता बघायचं काय? बिअरपासून सुरू करते. नळातून बिअर ओतणं हे फार साधं काम वाटतं आणि ते अजिबात साधं नाही. आधी ग्लास. स्वच्छ ग्लासमध्ये तुम्ही जसजशी बिअर पिता तसतशी फेसाची कडी काचेवर मागे राहतात, एका खाली एक. तेलकट किंवा साबण राहिलेल्या ग्लासमध्ये ती राहत नाहीत, फेस पटकन मरतो आणि आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसतात. एवढं एक बघितलं तरी त्या बारबद्दल बरंच कळतं, कारण जो ग्लास नीट धुतो तो नळाच्या पाइप पण वेळेवर धुतो असा माझा अनुभव आहे (पाइप नाही धुतल्या तर कितीही भारी ब्रँड असू दे, बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास यायला लागतो).

चेक लोकांचं बिअर ओतणं तर बघत राहावं असं. पिल्सेन गावात १८४२ साली योसेफ ग्रोल नावाच्या ब्रूअरने ती सोनेरी, स्वच्छ बिअर पहिल्यांदा बनवली जिची नक्कल आज जगातल्या बहुतेक लागर (म्हणजे थंडीत हळूहळू आंबवलेल्या बिअर) आहेत, आणि तिकडे आजही फेस हा बिअरचाच भाग मानतात. बाजूला फिरणारा नळ असतो, आधी ग्लासात घट्ट ओला फेस सोडतात आणि मग त्या फेसाच्या खालून बिअर भरतात, म्हणजे हवा लागत नाही. एकाच बिअरचे ओतण्याच्या पद्धतीवरून वेगवेगळे प्रकार मागता येतात, नेहमीची ती ह्लादिंका, अर्ध्याहून जास्त फेसवाली श्निट, आणि जवळजवळ नुसता फेस म्हणजे म्लीको. बिअर तीच, नळ तोच, पण तोंडात लागते वेगळी! जर्मनीत कोलोनला उलटं, तिथे कोल्श नावाची स्थानिक बिअर २०० मिलीच्या बारीक सरळ ग्लासात देतात म्हणजे गरम व्हायच्या आत संपते, आणि तुम्ही ग्लासावर कोस्टर (ग्लासखालची चकती) ठेवेपर्यंत वेटर न विचारता पुढचा आणून ठेवत राहतो.

आणि गिनेस, आयर्लंडची काळी बिअर. ती कोणी नीट ओतत असेल तर मोबाइल खाली ठेवून बघा प्लीज. ग्लास तिरका धरून आधी पाऊण भरतात, मग तसाच ठेवून देतात, आणि त्या थांबण्यात खरी गंमत आहे. तपकिरी ढग ग्लासभर फिरतात आणि बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. बुडबुडे खाली कसे जातील असं मला नेहमी वाटायचं. तर ते मधून वरच जात असतात आणि जाताना बिअरला वर ओढतात, ती बिअर मग कडेने खाली येते आणि काचेजवळचे अगदी बारीक बुडबुडे आपल्याबरोबर घेऊन येते. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असतो त्यामुळे हे होतं. बुडबुडे बारीक असतात कारण गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडपेक्षा नायट्रोजन जास्त असतो आणि तो बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, ती मऊ साय पण त्याचीच. सगळं शांत झालं की वरचा भाग भरतात. कोणी घाईघाईत एका दमात भरून दिली तर मला वाईट वाटतं, खरंच वाटतं.

कॉकटेलचा बार असेल तर मी बर्फ बघते. लोक बाटल्या बघतात, मागे कितीची व्हिस्की ठेवलीये वगैरे, पण बर्फावर सगळं अवलंबून असतं. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरात कॉकटेलमध्ये काय काय असतं ते छापून आलं होतं, दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क). पाणी त्यात तेव्हापासून आहे! आणि आता ते पाणी येतं कुठून तर बर्फ वितळून. दहा-पंधरा सेकंद शेक केलं की ड्रिंकमध्ये चांगलं भरपूर पाणी मिसळतं आणि ते मिसळायलाच हवं, नाहीतर घशाला आग लागते. अजून एक मजा म्हणजे बर्फ शून्य डिग्रीवर असला तरी शेकरमधलं ड्रिंक शून्याच्या खाली जातं, कारण दारू मिसळलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली असतो, बर्फ वितळत राहतो आणि वितळताना उष्णता शोषून घेत राहतो. बाहेरून शेकरवर पांढरं दव धरतं ते बघा, तोपर्यंत बारटेंडर थांबत नाही.

लिंबू, अंडं, क्रीम असलं की शेक, नुसती दारू असली की चमच्याने ढवळायचं, हा साधारण नियम. ढवळताना बघा, चांगल्या माणसाचा चमचा ग्लासच्या कडेने फिरतो आणि बर्फाचा आवाज जवळजवळ येत नाही. आणि तो मोठा काचेसारखा स्वच्छ चौकोन मिळाला तर विचारा घरचा का बाहेरचा. एकाच बाजूने हळूहळू गोठवला की हवा आणि क्षार शेवटच्या भागात ढकलले जातात आणि तेवढा गढूळ तुकडा कापून टाकतात, राहतो तो आरपार दिसणारा बर्फ. एवढी मेहनत कोणीतरी दुपारी येऊन केलेली असते!

ऑर्डर करताना नावं पाठ असायची काहीच गरज नाही. मी सरळ सांगते, आज आंबट हवंय, फार गोड नको, हलकं चालेल. किंवा कडू आणि स्ट्रॉंग. एवढ्यावर चांगला बारटेंडर एखाद-दोन प्रश्न विचारतो आणि तुम्हाला मेन्यूत कधीच सापडलं नसतं असं काहीतरी पुढ्यात येतं. बिअरचं तर अजून सोपं, थोडी चाखायला मागा, बहुतेक जण देतात. आणि प्यायचं नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. बिनदारूचं ड्रिंक नीट बनवायला उलट जास्त कसब लागतं कारण दारूचा जोर मदतीला नसतो, आणि मी कित्येक संध्याकाळी तेच पिऊन तितक्याच खुशीत उठले आहे.

एकट्या बाईसाठी तर काउंटर फारच चांगला, हे मुद्दाम लिहिते. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसले की कोणीही समोरची खुर्ची ओढून बसू शकतो. काउंटरवर तुम्ही सतत स्टाफच्या नजरेत असता, कोणी नकोसं चिकटायला लागलं तर बारटेंडरला एक नजर पुरते, चांगल्या ठिकाणी ते स्वतःच मध्ये पडतात. आपलं ड्रिंक आपल्यासमोर बनताना दिसतं हे वेगळंच. तरी उठून जाताना ते संपवून जा किंवा सोडून द्या, परत येऊन पिऊ नका.

एका रात्रीत पाच-सहा ठिकाणं करणारे लोक असतात, मला ते पटत नाही. प्रत्येक जागी जाऊन एक फोटो आणि एक शॉट, त्यात जागा कळत नाही, माणसं कळत नाहीत, चव तर नाहीच नाही. घाईने पिण्याचं काय होतं ते न्यूझीलंडला बघायला मिळालं. तिथे १९१७ ते १९६७ बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. उद्देश होता पिणं कमी व्हावं, आणि झालं काय तर ऑफिसं पाचला सुटायची आणि त्या एका तासात लोक उभ्या उभ्या जमेल तेवढी बिअर घशाखाली घालायचे. गप्पा नाहीत, बसणं नाही, खाणं नाही. पन्नास वर्षं! सिडनीत २०१४ मध्ये मारामाऱ्या थांबवायला शहराच्या मधल्या भागात रात्री दीडनंतर नवीन माणूस आत नाही आणि तीनला दारू बंद असा नियम केला, लोकांचे जीव गेले होते म्हणून केला हे खरंय, पण त्या भागातली रात्रीची वर्दळ पार कमी झाली, कितीतरी जागांना टाळं लागलं, आणि २०२० मध्ये बहुतेक ठिकाणी तो काढावा लागला. मला ॲमस्टरडॅमचा रस्ता जास्त पटतो, तिथे २०१२ पासून मिरिक मिलन काही वर्षं रात्रीचे महापौर होते, म्हणजे क्लबवाले, रहिवासी आणि पालिका यांना एका टेबलावर बसवणारा माणूस. रात्र ही पण शहराचीच वेळ आहे आणि तिची काळजी कोणीतरी घ्यायला पाहिजे.

क्लबमध्ये मात्र काउंटरचा उपयोग नाही, तिथे माझी जागा वेगळी. साउंड इंजिनिअरचं टेबल जिथे असेल त्याच्या पुढे मध्यावर उभी राहते, कारण तो स्वतः जे ऐकून सेटिंग करतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. भिंतीला आणि कोपऱ्यात बास नुसता गुरगुरतो. आणि इथेही लवकर जा, सुरुवातीचा डीजे ऐका. रिकाम्या फ्लोअरवर तो संथ लावत असतो, हळूहळू वेग चढवत नेतो आणि कोणालाच कळत नाही नाचायला कधी लागलो ते. हे रात्रभराचं बांधकाम शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स १९७७ पासून करत होता आणि त्यातून हाउस म्युझिक (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) उभं राहिलं. बर्लिनमध्ये १९९१ ला ट्रेसॉर हा क्लब सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीत, लॉकरच्या गंजक्या दारांसकट. बर्लिनच्या बऱ्याच क्लबमध्ये आत शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आणि मला वाटतं हे सगळीकडे व्हावं. कोणी शूट करत नाहीये म्हटल्यावर माणसं किती वेगळी नाचतात!

इअरप्लग मात्र ठेवा खिशात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि अनेक क्लब ती सहज ओलांडतात. म्युझिकवाल्यांचे प्लग मिळतात, त्यात आवाज कमी होतो पण गाणं तसंच राहतं. कान एकदा गेले की परत येत नाहीत.

बाकी पिण्याचं गणित तुम्हाला माहीतच असेल, लिव्हर साधारण तासाला एक ड्रिंक निपटवतं, कॉफी पिऊन किंवा गार पाण्याने तोंड धुऊन त्यात काही फरक पडत नाही. आधी पोटभर खा, प्रत्येक ड्रिंकबरोबर एक ग्लास पाणी, गाडी घरी. घरी कसं जायचं हे निघायच्या आधी ठरवून टाकलं की रात्रभर डोक्याला ताप राहत नाही.

आणि पुढची जागा शोधायला याद्या वाचत बसू नका. मंगळवार-बुधवार बघून जा, शनिवारी तोच स्टाफ फक्त पळत असतो. निघताना बारटेंडरचं नाव विचारा, बिल देताना नाव घेऊन थँक्यू म्हणा, आणि विचारा की तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू कुठे बसतोस. मला माझ्या सगळ्यात आवडत्या जागा अशाच मिळाल्या आहेत, आणि तिथे गेल्यावर मला कोणी पाठवलं हे सांगितलं की खुर्ची पण लगेच मिळते.