जास्त शिकलेली

कालचा फोन अजून कानात आहे. "मॅडम, आमच्या कामाच्या मानानं तुमचं शिक्षण फार जास्त आहे." रस्त्याच्या आखणीवर पायी फिरून पुरातत्त्वीय पाहणी करायची, तीन महिन्यांचं काम. डॉक्टरेट झालेला माणूस उन्हात खापरं वेचत टिकणार नाही, मध्येच सोडून जाईल, असं त्यांचं म्हणणं. आवाज अगदी नम्र होता. म्हणूनच जास्त लागलं.

आई म्हणाली, "मंग कमी सांग ना! कायले एवढं सांगतं?"

जास्त म्हणजे नेमकं काय जास्त? ते ज्याला साधं काम म्हणतात, तेच रात्रभर डोळ्यांपुढे फिरत होतं. पाच जण दहा-दहा मीटरवर उभे राहतात, एका फेरीत ५० मीटरचा पट्टा होतो. आखणी १०० मीटर रुंद असेल तर जाऊन-येऊन दोन फेऱ्या. कपाशी-तूर निघालेली हवी, वखरणी झालेली हवी. वर एखादी सर पडून गेली असेल तर फारच छान, धूळ धुतली जाते आणि खापराची कड उठून दिसते. पण आपली काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते. वरचा तुकडा भेगेत पडतो, पावसात माती फुगून भेग मिटते आणि परवा फुटलेल्या कपाचा तुकडा जुन्या थरात जाऊन बसतो. वरची जुनी खापरंही अशीच खाली जातात. म्हणून वर काही दिसलं नाही तरी खाली काही नसेलच असं नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो रकान्यात 'निरंक' लिहून पुढे जातो, आणि त्या निरंकावरून मग रोलर फिरतो.

छपरावरच्या कवेलूचा तुकडा आणि मडक्याचा तुकडा, दोन्ही लालच. तळहातावर घेऊन बोट फिरवायचं. कवेलू एकाच दिशेने वळलेलं असतं, मडकं दोन्ही दिशांनी. मग कड बघायची. आतून आणि काठाशी काळं, बाहेरून लाल असेल तर तिथेच थांबायचं. भांडं भट्टीत पालथं घालून भाजलं की असा रंग येतो, आणि ही काळी-तांबडी भांडी आपल्याकडच्या शिळावर्तुळांमध्ये, म्हणजे भोवती धोंडे गोल मांडलेल्या प्राचीन दफनांमध्ये, सापडतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, घामाने आणि दवाने शाई पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर बांधून. बाहेरची फाटतेच.

हे सगळं जास्त आहे?

नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. ती संरक्षित आहेत. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. पण जी वर्तुळं कुठल्याच यादीत नाहीत, कुणाच्या तरी बांधाजवळ अर्धी गाडलेली आहेत, त्यांना ही १०० मीटरची ओळ लागू होत नाही. त्यांना वाचवणारी पहिली नोंद पाहणीतच होते, झाली तर. शेतकऱ्याने वेचून टाकलेल्या दगडांच्या ढिगात लहान-मोठं सगळं एकत्र असतं आणि ते वरवर पडलेलं असतं. वर्तुळाचे धोंडे जमिनीत रुतलेले असतात, आतला भाग किंचित उंच, गोट्यांनी भरलेला. पन्नास पावलांवरून दोन्ही सारखेच दिसतात.

ब्रिटनमध्ये १९९० पासून जमीन विकसित करणाऱ्यानेच उत्खननाचा खर्च द्यायचा अशी रीत पडली. तिथे चरात उतरून खुरपी चालवणारे बहुतेक पदवीधरच असतात. आपल्याकडे शिकला की तो टेबलावर, आणि टेबलावर जागा नाही.

दुपारी जरा शांत झाले तेव्हा त्यांच्या बाजूनेही विचार केला. किलोमीटरवर पैसे मिळतात, अहवालाची तारीख ठरलेली असते. प्रत्येक खापरापाशी अर्धा तास बसणारा माणूस त्यांना परवडत नाही. आणि आमच्यातले काही खरोखर महिन्याभरात सोडून गेलेत, तेही मला माहीत आहेत. त्यांनी मला नाकारलं ते मागे कुणीतरी त्यांना अर्ध्यात सोडलं म्हणून. राग पूर्ण गेला नाही, पण कुणावर धरायचा ते आता कळत नाही.

बायोडाटा उघडून बसले. डॉक्टरेटची ओळ खोडून पाहिली. पाच मिनिटं तशीच ठेवली आणि परत लिहिली. लपवणार नाही, ती वर्षं माझी आहेत. फक्त खाली नेली. वर आता आहे: रोजचं चालणं १२ किलोमीटर, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) चालवता येतं, वर्तुळाचा नकाशा टेपनेही काढता येतो, खापरांची वर्गवारी त्याच संध्याकाळी पूर्ण.

सोमवारी परत फोन करणार आहे. पगाराचं नंतर. आधी विचारेन, पाहणी वखरणीनंतर ठेवणार आहात की कपाशी उभी असतानाच?