तुम्ही विचारलंत म्हणून : रॉबर्टाची ओळख मी ‘शिक्षिका’ अशी का करून देते

“मॅडम, पण त्यांनी शाळा सोडली म्हणूनच त्या मोठ्या झाल्या ना? मग तुम्ही त्यांना शिक्षिका का म्हणता?”

एफवायच्या वर्गात कवितेचा पहिला तास झाला की हा प्रश्न हमखास येतो. त्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. रॉबर्टा फ्लॅकचं एक गाणं ऐकवते आणि फळ्यावर तिच्या नावापुढे लिहिते, ‘इंग्रजीची शिक्षिका’. मुलं लगेच मोबाइलवर शोधतात. तिथे सोल या काळ्या अमेरिकनांच्या गायनशैलीतली गायिका, संगीताचे ग्रॅमी पुरस्कार, जगप्रसिद्ध वगैरे दिसतं आणि मग फळ्यावरचे दोन शब्द त्यांना खटकतात. स्टाफरूममध्येही हेच विचारून झालंय. म्हणून एकदा नीट सांगते.

रॉबर्टाचा जन्म १९३७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन गावचा. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. वडिलांनी भंगारातून एक पियानो आणला, साफ केला आणि त्याला हिरवा रंग दिला. त्यावर ती शिकली. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. मन होतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलीला त्या मंचावर जागा कोण देणार? पुढचं शिक्षण चालू असतानाच वडील अचानक गेले आणि तिने नोकरी धरली. फार्मव्हिल नावाच्या लहान गावातली, फक्त काळ्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली शाळा. विषय दोन, इंग्रजी आणि संगीत. नंतर वॉशिंग्टनच्या शाळांमध्ये ती कितीतरी वर्षं शिकवत राहिली.

संध्याकाळी टिव्होली नावाच्या ठिकाणी ऑपेरा गाणाऱ्यांना ती पियानोची साथ करायची आणि मध्यंतरात मागच्या खोलीत स्वतःची गाणी म्हणायची. १९६८ मध्ये ‘मिस्टर हेन्रीज’ या रेस्टॉरंटमध्ये कायमचं गाणं मिळालं, तेव्हा तिने शाळा सोडली. वय एकतीस. म्हणजे प्रश्नातला अर्धा भाग खराच आहे. तिने शाळा सोडली. पण वर्गात जे कमावलं होतं, ते तिने सोडलं नाही, आणि ते ऐकू येतं.

मी ऐकवते ते गाणं ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’. ब्रिटिश लोकगायक युअन मकॉलने १९५७ मध्ये गायिका पेगी सीगरसाठी लिहिलेलं. रॉबर्टाच्या आधी अनेकांनी ते म्हटलं, लोकगीताच्या चालत्या लयीत. रॉबर्टाने ते इतकं सावकाश केलं की पाच मिनिटांच्या पुढे गेलं. पहिल्या ओळीतला एकेक शब्द ती ठेवते, थांबते, मग पुढचा शब्द. आवाज चढवत नाही. सोलचं मूळ चर्चच्या गाण्यात, त्यामुळे आर्त हाक, आवाजाचा भडका हे तिथे अपेक्षितच असतं. रॉबर्टा ते सगळं हातात असून बाजूला ठेवते. आपल्याकडे शब्दप्रधान गायकी म्हणतात ना, ती हीच, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. इंग्रजी गाणं म्हणजे त्यांना एक सपाट गलका असतो, शब्द सुटे होत नाहीत. हे गाणं मात्र कळतं. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर येऊन म्हणाला, “मॅडम, इंग्रजी गाणं पहिल्यांदाच शब्दन् शब्द कळलं.” कळणारच. शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे वर्षानुवर्षं ज्या बाईने रोज सांभाळलं, तिचं गाणं आहे ते. कविता मोठ्याने वाचून दाखवताना ओळ कुठे तोडायची, कुठल्या शब्दानंतर मुलांना क्षणभर एकटं सोडायचं, हे फक्त सुरांच्या रियाजाने येत नाही.

गंमत म्हणजे तिलाच त्या संथपणाची खात्री नव्हती. १९६९ चा तिचा पहिला अल्बम अवघ्या दहा तासांत ध्वनिमुद्रित झाला. त्यात हे गाणं होतं, आणि दोन वर्षं ते फारसं कोणाच्या कानावर गेलं नाही. मग अभिनेता-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडने त्याच्या चित्रपटासाठी ते मागितलं. रॉबर्टा म्हणाली, फार संथ झालंय, पुन्हा गाऊन देते. तो नको म्हणाला. १९७२ मध्ये ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचं ग्रॅमी मिळालं आणि पुढच्या वर्षी तोच मान तिच्या दुसऱ्या गाण्याला. लागोपाठ दोन वर्षं हा मान मिळवणारी ती पहिलीच.

पुढे तिने न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या एका शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी मोफत संगीतवर्ग सुरू केला. २४ फेब्रुवारी २०२५ ला ती गेली. त्या आठवड्यात मी पोर्शन बाजूला ठेवून तिन्ही वर्षांच्या वर्गांना गाणं ऐकवलं.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगते. हे गाणं तिने स्टुडिओत म्हणायच्या आधी शाळेत शिकवलं होतं. वॉशिंग्टनच्या बॅनेकर शाळेत मुलींचं गायनपथक होतं, त्या मुलींना. जगाने ऐकायच्या कितीतरी आधी त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरींच्या तोंडी ते होतं.

यंदा हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “मग मॅडम, त्या मुलींनी पण इतकंच सावकाश म्हटलं असेल?”

मी म्हटलं, म्हणून बघ. तिने उभं राहून पहिली ओळ म्हटली, घाईत. मी काही बोलायच्या आत तिने ती पुन्हा म्हटली.