पेंचच्या आकाशातले तीन चोर

नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसर मागे टाकलं, पवनीला वळलो आणि सिल्लारीत पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला. पेंचला लोक वाघासाठी येतात; आम्ही माघातली अमावास्या गाठून आलो होतो. जानेवारी २०२४मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा, ठरलं. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली तोंड करून बसवलेत.

आल्याआल्या मोबाइल बंद करायला लावले. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि कुणी मध्येच टॉर्च मारला की मुसळ केरात. फिकट तारा बघताना नजर जरा बाजूला ठेवायची, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर नसतात. करून बघा, तारा चक्क उजळतो.

गंमत म्हणजे मला आधी मृगच सापडेना! पुण्यात गच्चीवरून हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला बाण आणि मागे व्याध, सगळं पटकन दिसतं, कारण बाकीचे तारे दिव्यांनी पुसलेले असतात. इथे नुसती खच्चून गर्दी.

आमचा गाइड गोंड होता. त्रिकांड, म्हणजे बाणाचे तीन तारे, आणि त्याखालचे लोंबते तारे दाखवून म्हणाला, "आमच्यात हा नांगर." हरीण एका क्षणात गायब! तसंही ते हरीण फक्त पृथ्वीवरूनच दिसतं, कारण त्यातले तारे एकमेकांपासून लांब लांब आहेत. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, तर मृगातला राजन्य तारा आठशेहून जास्त. खगोलशास्त्रज्ञांनी १९२२ साली ८८ तारकासमूहांची यादी ठरवली, पुढे १९३० मध्ये त्यांच्या हद्दीही आखल्या. सातबाऱ्याचं काम झालं, पण नांगर काही त्यात नाही.

ईशान्येला सप्तर्षी वर आले होते. गाइडच्या लेखी ती म्हातारीची बाज. चौकोन आधी उगवतो आणि शेपटीचे तीन तारे मागाहून झाडांआडून निघतात, ते बाज पळवायला आलेले चोर. मधल्या चोराशेजारी, म्हणजे वसिष्ठाला खेटून, अरुंधती नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसली.

मी आपलं शहाणपण पाजळलं: सातांपैकी पाच तारे खरोखरच एका घोळक्याने चाललेत, साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर. बाजेच्या कोपऱ्यातला क्रतू आणि शेवटचा चोर मरीची मात्र त्यांच्यातले नाहीत, त्यांची वाटच वेगळी.

"मग तो शेवटचा चोर नसंल सर," गाइड म्हणाला, "पोलीस असंल."