बिब्बा-ठमी अपडेट: खिडकी बंद झाली, बोका दारातून आला

आमच्या बिब्ब्याने, म्हणजे बेंगॉल बोक्याने, घरातल्याच ठमी या देशी मांजरीला पुन्हा धरलं. तेही रात्री, खिडकीला फिल्म लावलेली असताना, बाहेर काळोख असताना. मागची अपडेट्स वाचलेल्यांना फौजदार माहीत आहे: आमच्या सोसायटीतला पांढरा-पिवळा दांडगट बोका. तो कंपाउंडच्या भिंतीवरून गस्त घालायचा, बिब्बा आतून काचेला नाक लावून ताठ व्हायचा, आणि बोक्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून सगळा राग शेजारी बसलेल्या ठमीवर निघायचा. रिडायरेक्टेड अ‍ॅग्रेशनची, म्हणजे एकावरचा राग दुसऱ्यावर काढण्याची, अगदी ठळक केस. फ्रॉस्टेड फिल्म लागली आणि झडपा थांबल्या. दोघं एका सोफ्यावर झोपू लागली होती, दोन टोकांना का होईना. म्हणून त्या रात्रीचा प्रकार फार जिव्हारी लागला. हॉलभर ठमीच्या केसांचे पुंजके आणि ती फ्रिजमागे, हाकेला ओ देईना.

त्या रात्री जे केलं ते नव्याने आलेल्यांसाठी सांगते. दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा मोठा खोका सरकवला, बिब्ब्याला त्याच्या आडून बेडरूमकडे वळवलं, दिवा घालवला, दार लावलं. हात मध्ये घातला नाही, ओरडलेही नाही. पेटलेलं मांजर माणूस ओळखत नाही, आणि आपण ओरडलो की त्याच्या लेखी धोका वाढतो. ही पेटलेली अवस्था उतरायला कधी काही तास लागतात, कधी एकदोन दिवससुद्धा. शांत दिसतंय म्हणून लगेच समोरासमोर आणू नका. आणि चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचे सुळे बारीक असतात. जखम वरून मिटते आणि जंतू आत राहतात.

सकाळी आधी वैद्यकीय तपासणी. दात, सांधे, लघवी, रक्त. दुखणाऱ्या मांजराला वर्तनाचे धडे देण्यात काही अर्थ नसतो, ही माझी ठाम समजूत आहे. सगळं स्वच्छ निघालं. म्हणजे कारण घरातच, आणि खिडकीत नाही.

आता जी गोष्ट शोधायला सगळ्यात जास्त डोकं लागलं ती. जुना मोबाइल कॅमेरा करून हॉलमध्ये कपाटावर ठेवला आणि रोज रात्रीचं फुटेज सकाळी चहाबरोबर पाहू लागले. बराच काळ काहीच नाही. बिब्बा येतो, पाणी पितो, पडद्यामागे जातो. मग एका रात्री तो मुख्य दाराशी थबकला. पावसामुळे चपलांचा स्टँड आम्ही पॅसेजमधून आत, दारामागे घेतलेला. खालच्या कप्प्यातल्या सँडलच्या टाचेला त्याने नाक लावलं. मान वर, तोंड अर्धवट उघडं, वरचा ओठ मागे ओढलेला, नजर कुठेच नाही. फ्लेहमेन! टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे, म्हणजे वास ओळखणाऱ्या खास इंद्रियाकडे, वास पोचवताना मांजराचा चेहरा असाच होतो. काही सेकंदांनी तोंड मिटलं, कान आडवे झाले, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली. त्याच वेळी ठमी पाणी प्यायला हॉल ओलांडत होती. त्या रात्री ती चपळाईने टेबलावर चढली म्हणून वाचली.

फौजदार खिडकीत दिसायचा बंद झाला होता, पण आमच्या दाराशी रोज सही करून जात होता. दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारली तर स्टँडच्या बाजूवर, दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवरून खाली आलेले ओघळ चमकले. बसून केलेल्या लघवीचा डबका जमिनीवर होतो. उभं राहून, शेपटी थरथरवत मारलेला फवारा उभ्या पृष्ठभागावर मिळतो. म्हणजे शंकाच नाही.

पुसूनही हा वास परत का येतो ते समजून घ्या. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं. ते स्वतः फारसं वास मारत नाही, पण हळूहळू विघटन होताना त्यातून उग्र वासाची गंधक-संयुगं सुटत राहतात. आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते तेव्हाही मांजराच्या नाकाला ताजा मजकूर मिळत असतो. आपल्याकडे हात लगेच फिनेलकडे जातो, तर कृपया नको. त्यातल्या फिनॉलवर्गीय रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि पंजे चाटून ती थेट पोटात जातात. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास लघवीच्या अंगाने जातो. एन्झाइम क्लीनर भरपूर ओतायचं, मुरू द्यायचं, वाऱ्यावर वाळू द्यायचं. आधी जंतुनाशक वापरलं असेल तर साध्या पाण्याने नीट धुऊन मगच, नाहीतर एन्झाइम कामच करत नाहीत.

खरेदीबद्दल दोन शब्द. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक ३९५ च्या असतात, त्यांच्या जांभळ्या उजेडातच निम्मे डाग बुडतात. आणि ‘पेट ओडर रिमूव्हर’ म्हणून लॅव्हेंडरचा घमघमाट विकणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. एन्झाइमचा उल्लेख नसेल तर बाटली परत शेल्फवर. प्लायचा स्टँड मी टाकूनच दिला, प्लाय पिऊन बसतं. आता लोखंडी रॅक आहे, पावडर कोटिंगची, आणि ती पॅसेजमध्येच राहते. भिजल्या चपला बंद झाकणाच्या टबात आत येतात.

‘बेंगॉल आहे, जंगली रक्त, असंच वागणार’ हे मला आता पाठ झालंय. बिब्ब्याची जात बिबट मांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरातून आली हे खरं. अमेरिकेत जीन मिल यांनी पहिला संकर १९६३ मध्ये केला आणि १९८० च्या दशकात पुन्हा नेटाने काम सुरू केलं. पण घरी पाळायचं बेंगॉल त्या रानटी पूर्वजापासून निदान चार पिढ्या लांब असतं. शिवाय त्यात दिल्लीचंही रक्त आहे: दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात सापडलेला ठिपकेदार बोका मिल यांनी आपल्या प्रजननात वापरला. बिब्ब्याच्या पाठीवर उन्हात जी सोनेरी चमक दिसते, तो ग्लिटर त्याच बोक्याकडून आल्याचं मानतात. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतोच. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात ५,७२६ मांजरांची माहिती तपासली होती, आणि वर्तनातल्या फरकांपैकी साधारण निम्मा आनुवंशिक निघाला. उरलेल्या निम्म्यावर आपण काम करतो आहोत. बेंगॉलची ऊर्जा जास्त, पेटण्याचा वेग जास्त, म्हणून कारण शोधण्याची घाईही जास्त. पण ठमीसारखं देशी मांजरही हाच वास आल्यावर हेच करू शकतं.

रिइंट्रोडक्शन, म्हणजे दोघांची नव्याने ओळख, पहिल्या पायरीपासून सुरू केलंय. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून टॉवेलची अदलाबदल, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आता जाळीचं दार. नायलॉनची मच्छरजाळी बिब्ब्याने केव्हाच फाडली होती, त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची वेल्डेड स्टीलची जाळी लाकडी चौकटीत बसवून घेतली. भारी काम झालंय, या घरातली सर्वात सार्थ खरेदी. काल संध्याकाळी दोघं जाळीच्या दोन बाजूंनी चमच्यावरची ट्यूना पेस्ट चाटत होती. ठमीची संपली. ती निघून गेली नाही. तिथेच बसून पंजा चाटून कान पुसू लागली, बिब्ब्याकडे पाठ करून. ज्याने मानगूट धरली त्याच्याकडे पाठ! मी चमचा हातात धरून तशीच बसून राहिले.

पुढचा बेत धावचक्राचा होता. प्लायवर ४२ इंची वर्तुळही आखून झालंय. पण ते थांबवते. बिब्बा कितीही पळून दमला तरी दारावरचा फवारा रोज ताजा होणार असेल तर मूळ दुखणं तिथेच राहील. फौजदाराची नसबंदी हाच पुढचा टप्पा. त्यानंतर बहुतेक बोके फवारणं सोडतात. दहातला एखादाच चालू ठेवतो. वॉचमन मामांशी बोलले. ते म्हणाले, “ताई, तो जनरेटरच्या खोलीमागं झोपतो दुपारचा. बांगड्याचं डोकं टाकलं की हजर.”

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: पिंजरा लावायच्या आधीपासूनच त्याचं जेवण तिथे, जनरेटरमागे, ठरल्या वेळी सुरू करावं. जागेची सवय होईल, पकडणं सोपं जाईल, आणि शस्त्रक्रियेनंतर नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापून परत सोडला की पोटासाठी आमच्या जिन्यात यायचं कारण उरणार नाही. मामा रोज वाटी ठेवायला तयार आहेत, बांगडा मी देणार.

अडचण एकच. फौजदार जुना खेळाडू आहे, मागे कुणीतरी लावलेल्या साध्या पिंजऱ्याच्या दारातून वास घेऊन परत गेला होता, असं मामा सांगतात. त्याला वरून पडणारा ड्रॉप ट्रॅप लागेल. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कुणाकडे असेल तर आठवड्याभरासाठी द्याल का? नेणं-आणणं माझ्याकडे.