तुम्ही विचारलंत म्हणून: जुना दाढीचा ब्रश पुन्हा कामाला येतो का?

प्रश्न साधारण असा असतो: आजोबांच्या सामानात ब्रश सापडला किंवा चोर बाजारातून आणला, मूठ झकास आहे, पण फेस होत नाही, झालेला टिकत नाही आणि प्रत्येक दाढीला चार केस गालावर राहतात. हा दुरुस्त होईल का, आणि घरी करता येईल का?

बहुतेक ब्रश दुरुस्त होतात, आणि त्यातले बरेच नुसते नीट धुऊनच. लोक थेट गोंद आणि ड्रिल काढतात, तिथे घोळ होतो. धुणं, मग चिकटवणं, आणि काहीच चाललं नाही तर झुबका, म्हणजे मुठीत बसवलेला केसांचा गठ्ठा, बदलणं, हा क्रम सोडू नका. धुऊन ब्रश सुधारला नाही तर एक दिवस जातो. चुकीचं ड्रिल मारलं तर मूठच जाते.

आधी पाणी तपासा. बोअरवेलच्या जड पाण्यात नवा कोरा ब्रशसुद्धा धड फेस करत नाही. एकदा आरओच्या पाण्यात ब्रश भिजवून, त्याच पाण्यात फेस करून बघा. साबणावर पूर्ण तीस सेकंद फिरवा, कारण दाट झुबक्याला साबण जास्त लागतो आणि कमी साबण घेऊन ब्रशला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. आरओच्या पाण्यात फेस उभा राहिला तर ब्रशचा दोष नाही.

हात लावण्याआधी वयाचा अंदाज घ्यायलाच हवा, आणि तो शोभेसाठी नव्हे. चांगले ब्रश बॅजर या प्राण्याच्या केसांचे असत; पहिल्या महायुद्धात त्या केसांचा पुरवठा तुटला. तेव्हा आशियातून आलेल्या घोड्याच्या केसांना बॅजरसारखं रूप देऊन स्वस्त ब्रश बनू लागले. केस नीट निर्जंतुक न केल्यामुळे ब्रिटन आणि अमेरिकेत त्या ब्रशांतून माणसांना अँथ्रॅक्स झाला. जनावरांच्या ज्या रोगाला आपल्याकडे काळपुळी म्हणतात, तोच हा. ब्रिटनने 1920 मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. या जंतूचे बीजाणू दशकानुदशकं टिकतात. धोका कमी आहे, पण शून्य नाही, आणि घरच्या उकळीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून 1930 च्या आधीचा वाटणारा, मूळ केस असलेला ब्रश धुऊ नका, कापू नका, चेहऱ्याला लावू नका. तो काचेच्या कपाटात शोभतो. पुढचं सगळं त्यानंतरच्या ब्रशांसाठी.

केस कशाचे आहेत ते बघा. डुकराचे केस जाड, ताठ, आणि टोकाला दोन-तीन फाटे फुटलेले असतात. हे फाटे म्हणजे केस खराब झाल्याची खूण नव्हे. डुकराचा ब्रश जितका वापराल तितकी टोकं फुटतात आणि तो मऊ होतो. बॅजरचा केस बारीक, टोकाला फिका, मध्ये काळसर पट्टा, बुडाशी पुन्हा फिका. शंका असेल तर गळलेला एक केस चिमट्यात धरून जाळा. खऱ्या केसाला जळक्या केसाचाच वास येतो, नायलॉन वितळून त्याचा मणी होतो. जुन्या प्लॅस्टिकच्या मुठीतलं नायलॉन पाणी धरत नाही आणि धुऊन काही फरक पडत नाही. तिथे झुबका बदलणं एवढाच उपाय.

आता धुणं. ब्रश बिघडतो तो बुडाशी. साबणातली स्निग्धाम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि केस जिथे सर्वांत दाट असतात तिथे, मुठीच्या काठापाशी, अडकून बसतो. मग झुबका उमलत नाही, पाणी आत जात नाही आणि वर आलेला फेस बसतो. बोटाने केस बाजूला करून बुडाशी पाहिलंत तर पांढुरका, मेणचट थर दिसेल.

पहिल्यांदा कोमट पाण्यात शाम्पूने धुवा. हाताला सोसेल इतपत कोमट, 40 अंशांच्या वर नको, कारण केस ज्या राळेने चिकटवलेले असतात ती जुनी राळ उष्णतेने सुटते. मग 50 मिलि पांढरं व्हिनेगर आणि 200 मिलि कोमट पाणी पेल्यात घ्या. व्हिनेगर नसेल तर तेवढ्याच, म्हणजे 250 मिलि पाण्यात एक सपाट चमचा लिंबूसत्त्व चालेल. लिंबाचा रस नको, त्यातला गर केसांत अडकतो. ब्रशचे फक्त केस बुडतील इतकंच पाणी ठेवा. मूठ बुडाली की काठाच्या फटीतून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि झुबका सैल होतो. पाच ते दहा मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा. पाणी गढूळ झालं तर समजा साका सुटतोय.

नंतर पुन्हा शाम्पू, आणि बहुतेक लोक विसरतात तो हाच टप्पा. आम्ल साक्यातलं कॅल्शियम काढून नेतं, पण सुटलेलं स्निग्धाम्ल केसांवरच राहतं. म्हणून नुसत्या व्हिनेगरनंतर ब्रश आधीपेक्षा तेलकट लागतो आणि लोक म्हणतात, उपाय उलटला. भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब किंवा साधा शाम्पू घेऊन बुडापर्यंत बोटांनी चोळा, स्वच्छ पाण्यात पाच-सहा वेळा काढा. पाणी निवळ येईपर्यंत धुतलं की पिळा, पण पीळ देऊ नका. मुठीत धरून दाबा, मग झटका. फार मुरलेला साका असेल तर दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. एकाच वेळी तासभर भिजत ठेवण्यापेक्षा ते बरं.

खाण्याचा सोडा, कपड्यांचा ब्लीच, उकळतं पाणी, ही तिन्ही कामं टाळा. केस म्हणजे केराटिन. अल्कलीने ते फुगतं आणि कमजोर होतं, ब्लीचमध्ये तर विरघळतं. कुबट वास राहिला असेल तर दाढीच्या साबणाचा दाट फेस करून ब्रश रात्रभर तसाच ठेवा, सकाळी धुवा. तीन-चार वेळा केल्यावर वास जातो. नाहीच गेला तर बुरशी झुबक्याच्या आत, गोंदात आहे.

धुऊन पूर्ण वाळल्यावर केस गळतात का ते बघा, आणि गळलेला केस नीट निरखा. पूर्ण लांबीचा, बुडाला गोंदाचा कण चिकटलेला केस आला तर केस चांगला आहे, गोंद मेलाय. अर्धवट तुटलेला आला तर केसच ठिसूळ झालेत, आणि त्यावर औषध नाही. मधोमध पोकळ खड्डा पडलेला ब्रश दिसतो, तोही याच जातीचा. वर्षानुवर्षं चेहऱ्यावर जोराने दाबून गोल फिरवला की मधले केस गोंदाच्या कडेलाच मोडतात.

झुबका अख्खा हलत असेल किंवा सुटून हातात आला असेल तर ती चांगली बातमी आहे. जुना गोंद, म्हणजे बऱ्याचदा राळ, ठिसूळ होऊन सुटलेला असतो आणि केसांचा गठ्ठा शाबूत असतो. मुठीतल्या खोबणीत, म्हणजे झुबका बसतो त्या भोकात, उरलेले जुने कण खरवडा, दोन्ही बाजू दोन दिवस कोरड्या होऊ द्या. गठ्ठ्याचे केस बुडातून निसटत असतील तर तो उलटा धरून बुडावर, जिथे केसांची मुळं दिसतात, तिथे ॲराल्डाइटचा, म्हणजे दोन नळ्यांतून मिसळायच्या इपॉक्सी गोंदाचा, पातळ हात द्या आणि एक रात्र वाळवा. मग खोबणीत बसवा. साधं, सावकाश वाळणारं ॲराल्डाइट घ्या. दोन्ही नळ्यांतून समान भाग, दोन मिनिटं घोटून, वाटाण्याएवढं पुरे. फेव्हिकॉल पाण्यात टिकत नाही. फेव्हिक्विक केसांवर चढतं, दोन-तीन मिमी वरपर्यंत, आणि तिथे दगडासारखी गाठ होते. पुढे केस नेमके त्या गाठीच्या कडेला तुटतात. झुबक्याच्या मधोमध वरून फेव्हिक्विकचा थेंब सोडायची युक्ती बरेच जण सांगतात. तिने गळती थोडे दिवस थांबते, ब्रश कायमचा आखडतो.

राहिलं झुबका बदलणं. हे करण्यापूर्वी मूठ कशाची आहे ते ओळखा. मलईच्या रंगाची, आता केशरी-पिवळी झालेली जड मूठ बहुधा कॅटॅलिनची, म्हणजे ओतीव फिनॉलिक राळेची असते. ती मुळात पांढरी असण्याचीही शक्यता आहे, पिवळेपणा पृष्ठभागावर चढलेला असतो. कापसाच्या काडीवर किंचित ब्रासो घेऊन कोपऱ्यात घासा. काडी पिवळी झाली तर फिनॉलिक. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड हे जुनं प्लॅस्टिक. ते झटकन पेट घेतं, म्हणून गरम सुई टोचून वास बघायची चाचणी तिथे करू नका, आणि ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रावण, लावलंत तर मूठ विरघळायला लागेल. केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लॅस्टिकची, मूठ पाणी पिऊन तडकते. मूठ हस्तिदंती वाटली तर लक्षात ठेवा, भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे.

आधी केस मुठीच्या काठालगत कात्रीने कापा. मुठीला कापड गुंडाळून हाताने धरा किंवा लाकडी फळ्यांमध्ये हलक्या दाबाने. थेट व्हाइसमध्ये आवळलीत तर कॅटॅलिन काचेसारखं चिरतं. मधोमध 6 मिमीचं भोक पाडा, मग 10, मग 12. ड्रिल सावकाश फिरवा आणि दर थोड्या सेकंदांनी थांबा, कारण गोंदाची जुनी राळ तापली की वितळून बिटला लपेटते. कडेचा उरलेला गोंद ड्रिलने नव्हे, छोट्या रोटरी टूलच्या सँडिंग ड्रमने किंवा छिन्नीने काढा. अनेक जुन्या मुठी आतून पोकळ असतात, बिट अचानक आत घुसतं. रबरसेट या अमेरिकी ब्रशांत केस व्हल्कनाइज केलेल्या रबरात बसवलेले असतात. ते रबर कापत-खरवडत काढावं लागतं, धीर हवा. मास्क लावा, फिनॉलिक धूळ छातीत जाऊ देऊ नका.

खोबण व्हर्नियर कॅलिपरने मोजा. जुन्या अमेरिकी मुठींची भोकं बऱ्याचदा 18 ते 20 मिमीच असतात. 22 पर्यंत वाढवता येतात, पण भिंत 3 मिमीपेक्षा पातळ करू नका. नवा झुबका खोबणीपेक्षा अर्धा ते एक मिमी लहान घ्या. खरा खेळ खोलीचा आहे. बॅजरसाठी मुठीवर दिसणारी केसांची उंची झुबक्याच्या व्यासाच्या साधारण दुप्पट ठेवा: 24 मिमीला 48 ते 52. डुकराला थोडी जास्त चालते. सिंथेटिक तंतू आता चांगले मिळतात, पटकन वाळतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत मी तेच सुचवेन. समजा, झुबका बुडापासून टोकापर्यंत 65 मिमीचा आहे आणि वर 52 हवेत, तर खोबण 13 मिमी खोल हवी. विकणारे काही उंची बुडापासून सांगतात, काही गोंदाच्या वरून. आधी विचारून घ्या. फार खोल बसला तर केस काठावर घासून तुटतात आणि झुबका उमलत नाही. फार उथळ बसला तर चेहऱ्यावर लोळतो, फेस गालाऐवजी मनगटावर येतो.

गोंद लावण्याआधी झुबका कोरडाच बसवून बघा. खोली जास्त झाली असेल तर खाली स्टीलचे वायसर ठेवा, हवे तितके. मुठीच्या काठावर मास्किंग टेप लावा, ॲराल्डाइट खोबणीच्या तळाला आणि भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा, वर नको. झुबका फिरवत खाली दाबा, सरळ आहे का ते चारी बाजूंनी बघा आणि उभा ठेवून 24 तास हलवू नका. पुढेमागे झुबका बदलायची शक्यता वाटत असेल तर ॲराल्डाइटऐवजी सिलिकॉन सीलंट वापरा, ते कापून काढता येतं.

मुठीला चकाकी आणायची तर 1000, 1500, 2000 नंबरचे वॉटर पेपर पाण्यात भिजवून आणि शेवटी ब्रासो. कोरलेल्या अक्षरांवर पेपर फिरवू नका. त्यांचा रंग गेला असेल तर इनॅमल पेंट भरून वरचा लगेच फडक्याने पुसा. कॅटॅलिनचा पिवळा थर काढावा का? माझं मत विचाराल तर नाही, सगळ्या मुठी शुभ्र करायची हौस मला कळत नाही.

दुरुस्त ब्रश पावसाळ्यात पुन्हा बिघडतो तो न वाळल्याने. उभा ठेवा किंवा उलटा टांगा, फरक पडत नाही. हवा लागली पाहिजे. बाथरूममध्ये ठेवू नका, ओला असताना नळीत किंवा डबीत बंद करू नका. दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. जड पाण्याच्या गावी महिन्यातून एकदा वर सांगितलेलं व्हिनेगर, मग शाम्पू. ठेवूनच द्यायचा असेल तर साबणाचा अंश न राहील असा धुवा, दोन दिवस वाळवा आणि कागदात गुंडाळा. खऱ्या केसांना कसर लागते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी उघडून झटका.